पाण्यात म्हैस, बाहेर मोल

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात एका रशियन माणसाचे स्मारक आहे. मुरुडकडे निघालेले पर्यटक किल्ल्याचा तट पाहतात, समोरच्या कोर्लईचे छायाचित्र काढतात आणि साळावच्या पुलावरून पुढे निघून जातात. या स्मारकाकडे फारसे कोणी फिरकत नाही. अफनासी निकितीन हा त्वेर गावचा व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून निघून चौलच्या बंदरात उतरला, तो एक घोडा घेऊन. (१९५७ साली आलेला ‘परदेसी’ हा नर्गिस आणि बलराज साहनी यांचा चित्रपट त्याच्याच प्रवासावर होता, हे आता फार थोड्यांना आठवत असेल.) आखातापलीकडच्या घोड्यांना दख्खनमध्ये मोठा भाव मिळे. निकितीनचे मात्र नशीब खडतर. जुन्नरपर्यंत पोचेतो त्या घोड्यापायी त्याचे शंभर रूबल खर्ची पडले, तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला, मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला आणि अखेर बिदरला विकला गेला.

घोड्यांच्या याच व्यापारातली आणखी एक गोष्ट फर्नाव नुनीझ नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने सोळाव्या शतकात विजयनगरविषयी लिहून ठेवली आहे. तिथला साळुव नरसिंह राजा होर्मुझ आणि एडनहून येणारे घोडे हजार परदावांना तीन या भावाने घेई, आणि तेही जिवंत असोत की मेलेले. समुद्रात दगावलेल्या घोड्याची व्यापाऱ्याने नुसती शेपटी आणून दाखवावी. राजा जिवंत घोड्याइतकेच पैसे मोजी. वाचून हसू येते. पण राजा काही खुळा नव्हता. घोडेव्यापाऱ्यांनी दुसऱ्या दरबाराकडे न वळता आपल्याकडेच यावे म्हणून समुद्राची जोखीम त्याने समजून उमजून आपल्या खजिन्यावर घेतली होती. शेपटीचे पैसे मोजताना आपण शेपटीचेच पैसे मोजतो आहोत, हे त्याला पक्के ठाऊक होते.

हे सारे आठवायचे कारण घोडे नव्हे, मोटारी. गेल्या काही वर्षांत आमच्या या पट्ट्यात, म्हणजे चौल, नागाव, रेवदंडा ते थेट मुरुडपर्यंत, जुनी गाडी न पाहताच विकत घेण्याची रीत पडू लागली आहे. फोनवर छायाचित्रे येतात, एखादी चलच्चित्रफीत येते, त्यात इंजिन गुरगुरते, पार्श्वभूमीला एखादे सिनेमाचे गाणे असते. मग भाव ठरतो, इसार म्हणून पाच-दहा हजार पाठवले जातात, आठवड्याभरात उरलेली रक्कम जाते आणि गाडी ट्रेलरवर चढते. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण आपण मुलांना शाळेत पाठ करायला लावली. तीच मुले आता मोठी होऊन असे सौदे करताहेत.

गंमत अशी की आपण मूळचे मोठे चिकित्सक लोक. वांगे घेताना देठ पाहतो, आंबा हुंगतो, नारळ कानाशी हलवून पाणी किती ते ऐकतो. चाळीस रुपयांच्या नारळाला कान लावणारा माणूस चार लाखांच्या गाडीला कान लावायला का जात नाही? त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. रेवदंड्यासारख्या गावात राहणाऱ्याला पूर्वी निवड होती कुठे? अलिबागचा, पेणचा एखादा एजंट दाखवील त्या दोन-तीन गाड्या पाहायच्या आणि त्यातलीच एक पत्करायची. आज घरबसल्या पुण्याच्या, सुरतेच्या, दिल्लीच्या शेकडो गाड्या पाहता येतात, भावांची तुलना करता येते, एजंटाची मिजास सहन करावी लागत नाही. ही सोय खोटी नाही. बाईमाणसाला तर विशेषच, कारण गॅरेजमध्ये गाडी मी पाहत असले तरी मिस्त्री उत्तरे देतो ती माझ्या यजमानांना.

त्याआधीच्या काळात जुन्या गाडीची गोष्टच निराळी होती. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची ते दिवस. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली, तिच्यासाठीही रांगा लागल्या. तेव्हा जुनी गाडी म्हणजे कुणाची तरी गाडी असे. ‘डॉक्टरांची फियाट’ एवढे दोन शब्द पुरत. त्यात तिचे सारे चरित्र आले. डॉक्टर गाडी कशी चालवतात, पावसात कुठे लावतात, मागच्या होळीला मागचा दिवा कुणाच्या मुलाने फोडला, हे गावाला ठाऊक असे. गाडी न पाहता घेतली तरी माणूस पाहिलेला असे. आता गाडीचा फोटो दिसतो, माणूस दिसत नाही. माझ्या मते खरा धोका इथे आहे.

आमच्या वाडीशेजारच्या एका घरची हकिगत सांगते. नावे सांगायचे कारण नाही. नारळ-पोफळीची जुनी वाडी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात निम्मी झाडे आडवी झाली. पोफळ पुन्हा लावून उत्पन्न यायचे म्हणजे बरीच वर्षे. तेवढा धीर कुणाला? मुलाने घरामागे दोन खोल्या बांधून पर्यटकांची सोय केली. पाहुणे बोटीने मांडव्याला उतरतात, तिथून त्यांना आणायला सात आसनी गाडी हवी होती. पनवेलला तशा गाडीला सहा लाख सांगत होते. फोनवर उत्तरेकडच्या एका विक्रेत्याने तीच सव्वाचारला देऊ केली, आणि स्वस्त का, याचे कारणही पटण्यासारखे दिले. दिल्लीकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी आणली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. त्यामुळे मुदत जवळ आलेल्या चांगल्या गाड्या तिकडून खरोखरच स्वस्तात बाहेर पडू लागल्या होत्या. फसवणाऱ्याच्या बोलण्यात बारा आणे खरे असते, म्हणून तर उरलेले चार आणे खपून जातात.

आईच्या पाटल्या तारण ठेवून पैसे गेले. एवढा मोठा ट्रेलर रेवदंड्याच्या गल्ल्यांत येणार कसा? गाडी वडखळला उतरवून घेतली. कार्लेखिंडीत वातानुकूलन लावले तेव्हा अत्तराचा भपकारा आला आणि त्या अत्तराखाली दुसराच एक वास. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा असतो तसा. अलिबागच्या मिस्त्रीने बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. त्याने मागच्या आसनाचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. पट्ट्याचा आतला हातभर भाग मातकट झाला होता. स्टेपनी काढली तर खालच्या खळग्यात वाळलेल्या गाळाची पापडी. कुठल्या नदीचा गाळ, कुठल्या साली चढला, हे आता कोण सांगणार?

‘‘काकू, बावीस फोटो होते हो,’’ तो मुलगा मला म्हणाला. ‘‘बावीसच्या बावीस झूम करून बघितले.’’

गाडी दोन महिने चालली. मग कधी खिडक्यांच्या काचा अडकू लागल्या, कधी दिवे आपोआप लागू लागले आणि एके दिवशी मांडव्याच्या वाटेवर पाहुणे बसलेले असताना ती जी थांबली ती थांबलीच. पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन उघडून, धुऊन, तेल बदलून चालू करता येते. विजेच्या तारांच्या जुड्यांचे तसे नाही. जोडांमध्ये शिरलेला ओलावा आत बसून तांब्याला हिरवा गंज चढवत राहतो आणि आजच्या गाडीत ब्रेकपासून हवेच्या उशांपर्यंत सारे त्या तारांवर चालते. म्हणजे बिघाड ज्या दिवशी व्हायचा तो नेमका ब्रेक दाबायच्या क्षणीही होऊ शकतो. आता ती गाडी निळ्या ताडपत्रीखाली वाडीच्या कडेला उभी आहे. वडील काही बोलत नाहीत. त्या घरात गाडीचा विषयच कोणी काढत नाही.

पूर आणि जुनी गाडी यांचे नाते आपल्या राज्याला नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत किती गाड्या बुडाल्या त्याला गणती नाही. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले तेव्हाही तेच. या बुडालेल्या गाड्या जातात कुठे? दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरीव किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत धरते, मालकाचे पैसे चुकते होतात आणि सांगाडा बोली लावून विकला जातो. तो घेणारा तो भंगारात मोडीलच असे नाही. धुऊन, वाळवून, आसनांना नवी खोळ चढवून गाडी पुन्हा बाजारात येते, आणि येताना शक्य तो बुडाली त्या गावापासून लांब येते. लांबचा माणूस पाहायला येत नाही, हे विकणाऱ्याला चांगले माहीत असते.

आपणही अगदी धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गाडीचा पत्रा वरून चकचकीत दिसला तरी खालून सडत असतो. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, दारांच्या तळकडा आधी जातात. अशी गाडी खालून काळा रंग मारून घाटावर विकणारे महाभाग आमच्याही गावांत आहेत, आणि ‘घाटावरच्याला काय कळते’ असे म्हणून टाळ्या देणारेही.

माझी पस्तीस वर्षे बँकेत गेली, त्यातली बरीच कर्ज विभागात. तिथे एक शब्द रोज हाताखालून जाई : नजरगहाण. घर गहाण असते, सोने तारण असते, पण गाडी नजरगहाण. वस्तू कर्जदाराच्या ताब्यात राहणार, तो ती वापरणार, बँकेचा तिच्यावर फक्त हक्क आणि नजर. कुणा जुन्या माणसाने हा शब्द घडवला असेल त्याला माझा नमस्कार. जुन्या गाडीसाठी कर्ज मागायला कुणी आले की आम्ही आधी मूल्यांकन करणाऱ्याला पाठवत असू. तो चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा आणी. तो ठसा आणि आर. सी. पुस्तकातला नंबर समोरासमोर ठेवून आकडा न् आकडा ताडून पाहिला जाई. बँक दुसऱ्याच्या ठेवीतले तीन लाख देताना इतके पाहते आणि माणूस स्वतःच्या घामाचे चार लाख देताना काहीच पाहत नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

हप्ते थकलेल्या गाड्या ओढून आणून त्यांचा लिलाव होई, त्याची अट ठरलेली : जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. मागाहून तक्रार चालायची नाही. पण त्या लिलावालाही गाड्या पाहण्याचा एक दिवस राखलेला असे आणि त्या दिवशी मुरलेले खरेदीदार सकाळी आठपासून आवारात हजर. खिशात लोहचुंबक. चुंबक पत्र्याला चिकटला तर ठीक, एखाद्या जागी घसरला तर तिथे पत्रा नसून पुट्टी आहे, म्हणजे गाडी कधीतरी आपटलेली आहे. मीटरवरच्या किलोमीटरच्या आकड्याकडे ते बघतसुद्धा नसत. तो मागे फिरवता येतो हे त्यांना आपल्या आधी ठाऊक. ते बघत क्लचच्या पायदळीवरचे रबर. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे रबर गुळगुळीत होत नाही.

कागदांचे म्हणाल तर ते निदान दुरून तपासता येतात, ही आजची खरी सोय. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर घातला की नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा आहे की नाही हे दिसते. थकलेली ई-चलानेही पाहता येतात. बोजा दिसत असेल तर ‘कर्ज फिटले आहे, दाखला येतोय’ हे ऐकून पैसे देऊ नयेत. कर्ज देणाऱ्याचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडू द्यावा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीवर बोजा होताच. परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आर.टी.ओ.चा ना हरकत दाखलाही हवा, तो नसेल तर पेणचे कार्यालय तिला इथला नंबर देणार नाही, आणि मिळाला तरी इथला कर वेगळा भरायचा. सव्वाचार लाखांत हे कोणी धरलेलेच नसते.

यापुढची पायरी निव्वळ लुटीची. तिथे गाडीच नसते. विकणारा आपण लष्करात असल्याचे सांगतो, बदली झाली म्हणून घाईने विकतो आहे म्हणतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. गणवेशाबद्दल आपल्याला आदर आहे, त्याचाच हा व्यापार. मग गाडी निघाली आहे म्हणून वाहतुकीचे पैसे, फाटकावर अडली म्हणून आणखी थोडे, परत मिळणारी अनामत म्हणून आणखी थोडे. अशा तक्रारी देशभर पोलिसांकडे नोंदल्या गेल्या आहेत, वर्तमानपत्रांत छापून आल्या आहेत, तरी माणसे फसतात. कारण दहा हजार गेले की ते वाचवायला माणूस पुढचे वीस हजार देतो. बुडीत खात्याला पुन्हा कर्ज देणाऱ्या शाखाधिकाऱ्याचेही अगदी असेच होत असे!

कायदा काय करतो? १९३० चा मालविक्री कायदा मुळात घेणाऱ्यालाच डोळे उघडे ठेवायला सांगतो. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा, असेही तो म्हणतो. म्हणून ‘अपघात नाही, एकच मालक’ असे लिहिलेली जाहिरात आणि संदेश जपून ठेवावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी गोष्ट दिली : ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. रेवदंड्याच्या माणसाला दिल्लीला जायला नको, अलिबाग पुरे. पण हा मार्ग विक्रीचा धंदा करणाऱ्याविरुद्ध. एखाद्याने घरची गाडी विकली असेल तर दिवाणी न्यायालय. आमच्या शेजाऱ्यांना वकिलाने हेही समजावले की गाडी धंद्यासाठी असली तरी ती स्वतःच्या पोटापाण्याच्या व्यवसायासाठी आहे, म्हणून ते ग्राहकच ठरतात. नोटीस गेली. पाकीट परत आले, वर शेरा : या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही. कायदा अलिबागला आणला, पण विकणारा कुठून आणायचा?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यावे आणि मालकाकडून गाडी ताब्यात आली की तशी नोंद करावी, असा नियम आला. चांगला नियम आहे. दूरच्या विक्रेत्याला पहिला प्रश्न याच अधिकारपत्राचा विचारावा. आणखी एक गोष्ट व्हावी असे मला वाटते. विम्याने पूर्ण नुकसानीत काढलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आली, तर तिच्या नोंदणीवर तसा ठळक शिक्का असावा आणि तो नंबर टाकणाऱ्या कुणालाही पहिल्याच पानावर दिसावा, शोधावा लागू नये. कर्जाचा बोजा दाखवता येतो, मग पुराचा का नाही? विमा कंपनीला ते माहीत असते, लिलावात घेणाऱ्याला माहीत असते. शेवटी फक्त मांडव्याहून पाहुणे आणणाऱ्या पोराला ते माहीत नसते.

विकणाऱ्यांनाही एक सांगायला हवे, कारण न पाहता घेणारा तिथे न पाहता विकणाराही असतो. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी कुण्या अनोळखी चालकाच्या हाती देणारे पुष्कळ आहेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने, विकल्यानंतर अनेक हात फिरलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई, नोंदणीत नाव असलेल्या मूळ मालकावरच टाकली. नाव बदलेपर्यंत गाडी तुमची.

मोठ्या कंपन्या दुरून गाड्या विकतात, तपासणीचा अहवाल देतात, काही दिवसांत परत घेण्याची हमी देतात. त्यांना मी या पंगतीत बसवत नाही. तिथे निदान दार ठोठवायला कार्यालय असते. तरी अहवाल त्यांच्याच पगारी माणसाचा असतो आणि परतीची मुदत आपण पावसात गाडी चालवून पाहण्याआधीच संपते. गाडी पाहायला जाण्याचा अर्थ पत्रा पाहणे एवढाच नसतो. सकाळी इंजिन थंड असताना ते कसे सुरू होते, धूर काळा की निळा, हे मिस्त्री पाहील. आपण पाहायचे ते घर, अंगण, शेजारी, आणि ‘का विकताय?’ या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा.

गेल्या दिवाळीआधी चौलच्या एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान असेच पनवेलला गाडी पाहायला गेले. गाडी देखणी, कागद स्वच्छ, मालक गोड बोलणारा. सौदा जवळजवळ ठरला. मालक चहा सांगायला आत गेला, तेवढ्यात बाईंनी इमारतीच्या रखवालदाराला सहज विचारले की ही गाडी रोज इथेच उभी असते का. ‘‘छे हो बाई,’’ तो म्हणाला, ‘‘ही तर गणपतीनंतर आली. आली तेव्हा चारी दारं उघडी टाकून आठ दिवस उन्हात वाळत होती.’’ चहा येईपर्यंत दोघे फाटकाबाहेर पडले होते. स्टँडवर वडापाव खाल्ला आणि संध्याकाळच्या अलिबाग एस.टी.ने परत आले.